दोन्ही हातांचा फोटो

बाबा, तुमच्या पणतीच्या हातांचा एक्स-रे समोर ठेवून बसले आहे. दीड महिन्याची पोर, डावा हात हलवत नाही, हात लावला की किंचाळते. घरात सगळ्यांनी मालिशवाल्या बाईला धरलं, तिनेच ओढला म्हणून. माझ्या लेकाने तर तिला फाटकातूनच परत पाठवलं. मी फ्रीगंजच्या आपल्या क्लिनिकमध्ये दोन्ही हातांचा फोटो काढला. नवीन असताना एकाच हाताचा काढला म्हणून पेशंटसमोर तुम्ही मला झापलं होतं, ‘दुखत नाही तो हात काय सांगतो, ते कोण बघणार?’ ती सवय आज कामी आली. दोन्हीकडे हाडांची टोकं सारखीच कुरतडलेली, कडेने नवं हाड चढलेलं. ओढल्याने असं होत नाही. मग मायलेकींचं रक्त तपासलं. सिफिलिस, आईकडून पोटातच लागलेला.

आणि आईला कुठून? गरोदरपणाच्या सुरुवातीची तिची तपासणी स्वच्छ होती. म्हणजे नंतर घरात आणला तो माझ्या लेकाने. विचारलं तर मान खाली घालून कबूल झाला, आणि वर म्हणतो, ‘आई, तू बस कॅल्शियमची कमी आहे असं बोलून दे. इंजेक्शन तर दोघींना लागणारच आहे न? बीमारीचं नाव कशाला? घर तुटेल माझं.’ आपलेच दात, आपलेच ओठ. पोरीची हाडं औषधाने भरून येतील, तेवढाच धीर आहे.

तुम्हीही हेच करायचात. असा फोटो आला की सासूला व्हरांड्यात बोलावून हळू आवाजात सांगायचात, आणि आत बसलेल्या आईला ‘ताकदीची सुई आहे’ म्हणून टोचायचात. मी एकदा विचारलं तर म्हणालात, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची.’ तेव्हा ते मला शहाणपण वाटलं होतं. आज तुमचा राग येतो, बाबा. नवऱ्याचं ठाऊक नसलेल्या त्या बायका पुन्हा त्याच घरी गेल्या. आता ती सासू मी आहे, आणि व्हरांड्यात बोलावणारी डॉक्टरही मीच.

सून बाहेर बाकावर पोरीला मांडीवर घेऊन बसली आहे. मघाशी दार किलकिलं करून विचारून गेली, ‘आई, फोटोत काय निघालं? बाईनेच खेचला न हात?’ मी म्हटलं, ‘रिपोर्ट लिहितेय, बस जरा.’ रिपोर्ट केव्हाच लिहून झाला आहे. हे पत्र लांबवते आहे, कारण ते संपलं की मला दार उघडावं लागेल.