लाईन क्लिअर

सोमवार, ९ फेब्रुवारी २००४

मोनाच्या मॅडमनं नववीच्या पोरींना काम दिलं — एक इंग्रजी शब्द घ्या, आपल्या घरात तो किती प्रकारे वापरतात ते लिहून आणा. आमच्या पोट्टीनं घेतला 'लाईन'. "बाबा, तुमचाच शब्द घेतला!" म्हणे. मी तोंडावर हसलो.

जेवता जेवता बारा प्रकार झाले. लाईन गेली, लाईन आली. रेशनची लाईन. वरठीवरून जाते ती रेल्वेची लाईन. वहीत आखतात ती. शेजारचा हेमराज मारते ती लाईन — "हे मॅडमले दाखवू नको वो!" कौशल्या, आमची बायको, ओरडली. अन् "जरा लाईनीवर या" — हे तर ती मलेच म्हणते, दिवसातून दोनदा.

एक मी सांगतला नाही.

मंगळवार, १०

लिहूनच टाकतो. वहीले कायले भ्यायचं?

मी सबस्टेशनवर ऑपरेटर. लाईनमन खांबावर चढायच्या आधी माझ्याकडून परमिट घेते, मी ब्रेकर पाडून लाईन बंद करतो. काम झालं की त्यानंच सांगायचं — "लाईन क्लिअर, सोडा." ज्यानं मागितली त्यानंच परत करायची, दुसऱ्या कोणी नाही. जवळ असला तर येऊन सही करते, दूर असला तर फोन. सोळा वर्षं हेच चाललं. आवाज ओळखला की बस्स!

ऑक्टोबरात लाईनमन श्रावणनं आंबागडच्या लाईनीचं परमिट घेतलं. दुपारी दोन चाळीसले फोन. "लाईन क्लिअर हाय, भाऊ. सोडा." श्रावणचाच आवाज. बोलायच्या आधी खाकरायची सवयसुद्धा त्याचीच. मी सोडली.

श्रावण खांबावरच होता.

तिथं जवळपास एकच फोन, किराणा दुकानातला. दुकानदार चौकशीत म्हणे, त्या दुपारी कोणी आलंच नाही. निकाल यायचा आहे. नोकरी गेली तर गेली! मले एकच पाहिजे — फोन आला होता का नाही? का बसल्या बसल्या माझा डोळा लागला, अन् मी माणूस मारला?

गुरुवार, १२

मनकर्णाबाई आली होती, श्रावणची बायको. भांडली असती तर बरं झालं असतं. खुर्ची दिली तर दारातच खाली बसली. "नंदलालभाऊ, खरं सांगा. माह्या माणसाले खांबावर फोन कुठून भेटला?"

चहा तसाच ठेवून गेली.

शुक्रवार, १३

दोन चाळीसले फोन वाजला. कोणी बोललं नाही. नुसता वारा — उंचावर लागते तसा. मग खाकरणं.

शनिवार, १४

पुन्हा. मोनाचे एकवीस झाले.

मंगळवार, १७

आजचं आजच लिहितो.

श्रावणच्या जागी अंकुश आला आहे. कामात पक्का, तोंडाचा भोंगा. आज आंबागडच्याच लाईनीचं परमिट मागितलं. मी म्हटलं, "फोन करू नको. काम झालं की स्वतः येऊन सही कर."

"एवढ्या उन्हात सायकल हाणत येऊ का गा?"

"ये."

दोन चाळीस. फोन. "नंदलालभाऊ, अंकुश बोलून राहिलो. लाईन क्लिअर हाय. सोडा ना, लोक बोंबलून राहिले." तोच आवाज, तोच तोरा! माझा हात ब्रेकरपर्यंत गेला — सवय मोठी वाईट. मग थांबलो. "येऊन सही कर," म्हटलं.

पलीकडे कोणीतरी खाकरलं. अंकुश कधी खाकरत नाही.

साडेचारले अंकुश आला, घामानं निथळत. "आत्ता संपलं. चारपर्यंत तर वरच लटकलो होतो."

"अन् फोन?"

"तुम्हीच नको म्हणले ना!"

मी ढसाढसा रडलो त्याच्यासमोर. तो बिचारा घाबरून पाणी आणायले धावला. भीतीनं नाही रडलो. सुटलो म्हणून रडलो! फोन आला होता. माझा डोळा लागला नव्हता. श्रावणले मी नाही मारलं.

बुधवार, १८

मनकर्णाबाईच्या घरी जाऊन सगळं सांगतलं. मले वाटलं शिव्या देईल, नाहीतर खुळा म्हणेल. तिनं सुपातले तांदूळ बाजूला ठेवले अन् म्हणाली, "म्हणजे अंकुशचा आवाज काढून फसला तो फोनवरचा. मंग आता कोणाचा काढन?"

बाप्पा! रस्ताभर हेच डोक्यात.

शनिवार, २१

विहिरीची मोटर बंद पडली. कौशल्या म्हणे, पेटीतली वायर ढिली झाली. लोडशेडिंगले मी लाईन पाडली की घरी फोन करतो, मग ती आपल्या हातानं वायर आवळते — नेहमीचंच आहे. उद्या फोन करतो म्हटलं.

मोनाचे चाळीस झाले. मॅडम खूश होणार.

रविवार, २२

घरी फोन केलाच नव्हता मी. लाईन चालूच होती.

दोन चाळीसले मोनाचा फोन. "बाबा, आत्ताच तुम्ही फोनवर सांगतलं ना लाईन बंद केली म्हणून? कितीक वेळ बंद राहील? आईनं पेटी उघडली, वायरले हातच लावून राहिली. अन् तुमचा घसा बसला काय? खाकरत होते."

मी बंदे ब्रेकर पाडले. एकूण एक.

आता साडेतीन. गावोगावचे फोन येऊन राहिले, गिरणीवाल्याचा, साहेबांचा — लाईन सोडा. अंकुशले घरी धाडलं आहे, कौशल्याले सायकलवर बसवून इथंच आण म्हणून. ती दारात उभी राहीपर्यंत मी हात लावत नाही.

मधे मोनाचाही आला होता. "बाबा, आई ठीक हाय. सोडा लाईन." आवाज तिचाच होता. म्हणूनच सोडली नाही.