लांबडं बटण तुझं

प्रिय बाबिरिये,

पत्र बघून हसशील. टायपिंगची टपरी चालवणारी बाई हाताने लिहितेय, आणि अक्षर तर कोंबडीने उकरल्यासारखं. पण करू काय? तुझा फोन मागच्या पावसाळ्यापासून बंद, तुला परदेशी कामाला धाडणारा एजंट कुलूप लावून पसार, आणि त्यात आपला कीबोर्डही मेला. शेजारची नामुबिरू तुझ्याच शहरात घरकामाला निघालीय. तिच्या पिशवीच्या अस्तरात हे पत्र शिवून देतेय.

कीबोर्ड एका सकाळी गप्पच झाला. उलटा करून झटकला, तर आतून चपातीचे तुकडे पडले, तुझ्याच वेळचे असणार. ते बघून रडूच आलं. एका बाकावर मांडीला मांडी लावून बसायचो, डावी बाजू तुझी, उजवी माझी. भाडेपत्र टायपून घ्यायला आलेली माणसं काम विसरून आपली गंमत बघत उभी राहायची. मधल्या लांबड्या बटणावरून केवढी भांडणं व्हायची. शेवटी आईने निकाल दिला, “ती आधी जन्मली, बटण तिचं.” घटकाभर आधी आलीस, पण तोरा केवढा! तू गेल्यापासून माझा डावा हात तुझं काम करतो, पण परक्याच्या घरात शिरल्यासारखा चाचपडतो.

नव्यासाठी काद्दूच्या दुकानात किती खेटे घातले. एक अरुंद, एकीचीच बोटं मावतील असा. एकाची अक्षरं महिन्यात पुसली जातील अशी. एक इतका मुका, की टायपतोय का झोपलोय कळू नये. काद्दू वैतागला. “बाई, कंपालात याहून स्वस्त मिळणार नाही. रोजच्या कामाला हवाय ना? कीबोर्ड निवडतेस का नवरा?” मी म्हटलं, “नवरा असता तर पहिलाच घेऊन गेले असते.” तो हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने चहा मागवला.

गावाहून लुबवामा काकांचे फोन चालूच होते. “पोरी, चार ओळी टायपायच्यात. मिळेल तो घे आणि मोकळी हो.” दुसऱ्या कुणाकडून करून घ्या म्हटलं, तर ऐकेनात. काकांवर रागावू नकोस, बोलताना त्यांचाही आवाज फुटतो. मी मात्र रोज नवी खोट काढत राहिले.

मग परवा आईच टपरीवर आली, डोक्यावर मटोक्याच्या हिरव्या केळ्यांचा घड घेऊन. बाकावर तुझ्या जागी बसली. म्हणाली, “लोक काही म्हणोत. तू लिहिलंस तरच मी मानेन. जुळीला कळतं.” त्यानंतर कुठली खोट काढू? काल कीबोर्ड घेतला. रुंद आहे, बटणं दणकट आहेत, आणि आपल्याला परवडेल असा आहे. तुला आवडला असता.

त्या चार ओळी रेडिओसाठी आहेत, बाबिरिये. बाबिरिये उडून गेली, असं लिहायचंय. जुळ्यांना मेली म्हणत नाहीत, एवढाच काय तो मान. देह हाती नाही, म्हणून महिनाअखेरीला तुझ्या जागी केळीचा बुंधा पुरणार आहेत. स्वयंपाकघरामागची, तू लावलेली केळच काकांनी त्यासाठी हेरून ठेवलीय. सगळे माझ्या तोंडाकडे बघतात, जुळीला कळतं म्हणून. मला काही कळत नाही गं. रात्रंदिवस कान लावून बसते, पण तू आहेस असंही वाटत नाही आणि नाहीस असंही. काल तुझं नाव टायपलं आणि हात थांबला. पुढचा शब्द सुरू करायचा तर लांबडं बटण दाबावं लागतं. ते मी दाबलेलं नाही, म्हणून हे पत्रही हातानेच. असशील तिथून एकदा फोन कर. बोलू नकोस हवं तर, नुसता वाजू दे. नाहीतर ते बटणही मलाच दाबावं लागेल.

तुझीच, पाठची,
नाकातो