आठवं खातं

बोरिवली,
गुरुवार

प्रिय अपू,

रविवारपासून तू चार वेळा फोन केलास आणि मी एकदाही उचलला नाही. तुझ्या शुभा वहिनीने तुला सांगितलं की मला ताप आहे. ताप-बिप काही नाही गं, मीच तिला तसं सांगायला लावलं. तुझा आवाज ऐकला असता तर मी पुन्हा खोटं बोललो असतो. फेब्रुवारीपासून तेच करतोय. सोमवारच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडलंच पाहिजे, म्हणून आज कामाला दांडी मारून लिहायला बसलोय. उलटसुलट होईल, पण शेवटपर्यंत वाच.

आमच्या चारकोपच्या गाळ्याचं काय झालं हे तुला तुकड्यातुकड्यांत माहीत आहे. सगळं एकदम कधी सांगितलंच नाही, लाज वाटायची. त्या वर्षी मार्चमध्ये जूनचा माल तयार होता. अकरा हजार युनिफॉर्म, सहा शाळांचे, साइझप्रमाणे गठ्ठे बांधून छतापर्यंत रचलेले. आणि लॉकडाउन लागून शाळा बंद झाल्या. मला वाटलं, दोन महिने. झाली दोन वर्षं. तोपर्यंत पोरं वाढली, दोन शाळांनी कापडाचे चेक्स बदलले, एक शाळा दुसऱ्याच माणसाकडे गेली. सोळा शिलाईवाले होते माझ्याकडे. पहिल्या महिन्यातच गाळ्याला कुलूप लावायला हवं होतं. शुभा तेव्हाच म्हणाली होती. पण गाळा बंद केला असता तर लोकांना कळलं असतं ना, की सहदेव घाडीगावकरची वाट लागली! म्हणून मी एक कर्ज फेडायला दुसरं घेत गेलो. मशीनचं, ओव्हरड्राफ्टचं, तीन क्रेडिट कार्डं, दोन फायनान्स कंपन्या. सात खाती. वसुलीवाले सोसायटीच्या गेटवर उभं राहून वॉचमनला माझं नाव मोठ्याने विचारायचे. शुभाच्या लॅबमध्ये फोन करायचे, पेशंटसमोर. घर विकलं तरी पुरलं नाही. शेवटी हायकोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला. तू त्या दिवशी रजा काढून माझ्याबरोबर आली होतीस आणि बाहेरच्या बाकावर तीन तास बसली होतीस, काहीही न विचारता.

कर्जांतून मुक्त केल्याचा कोर्टाचा हुकूम मिळाला तेव्हा वाटलं, सुटलो. कसलं काय! दोन महिन्यांनी एल. टी. रोडला शुभासाठी मोबाइल हप्त्यावर घ्यायला गेलो. काउंटरवरच्या मुलीने माझा नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं आणि भर दुकानात म्हणाली, “अंकल, तुमचं होणार नाही.” शुभा शेजारीच उभी होती. ती पटकन म्हणाली, “तो रंग मला आवडलाच नव्हता,” आणि मला हाताला धरून बाहेर घेऊन आली.

मग मी माझा क्रेडिट रिपोर्ट काढला. स्कोअर पाचशे बारा, आणि सातही खाती अजून थकलेली दाखवत होती, जणू कोर्टाचा हुकूम झालाच नव्हता. तिथून मी त्या रिपोर्टच्या मागे लागलो. हुकुमाच्या प्रती काढल्या, एकेका खात्याची तक्रार टाकली, प्रत्येकीच्या उत्तराला तीस दिवस. एका कंपनीने हुकूम चार वेळा मागवला, एकीची शाखाच उठून गेली होती. वाकोल्याला कटिंग मास्तर म्हणून काम करता करता जेवणाच्या सुट्टीत मी हीच पत्रं लिहायचो. बँकेत पंधरा हजारांची ठेव ठेवून तिच्यावर कार्ड घेतलं, दर महिन्याला फक्त किराणा त्यावर भरायचो आणि बिल आलं की दुसऱ्या दिवशी चुकतं करायचो. अकरा महिन्यांत सातही खाती सरळ झाली. स्कोअर सहाशे अडुसष्ट! तुला मी त्याचा फोटो पाठवला तेव्हा तू लिहिलंस, “दादा, झकास! तू करून दाखवलंस.” बिल्डिंगमधले लोकही आपापले रिपोर्ट घेऊन माझ्याकडे यायला लागले. खूप वर्षांनी कुणीतरी मला काहीतरी विचारायला येत होतं.

आणि मग फेब्रुवारीतल्या त्या रविवारी तू आलीस.

येताना शुभासाठी सुरमई आणलीस. तुझा चेहराच सांगत होता की काहीतरी चांगलं घडलंय. मुलुंडला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, वन आरके. घटस्फोटानंतरच्या नऊ वर्षांत सात भाड्याची घरं बदललीस तू, दर वर्ष-दीड वर्षाने तेच, गंधालीची पुस्तकं खोक्यात भरायची आणि काढायची. आता पहिल्यांदा स्वतःचं घर. टोकन देऊन झालं होतं आणि मार्चअखेरपर्यंत कर्ज मंजूर झाल्याचं पत्र द्यायचं होतं. फक्त बँकेने अर्ज परत केला होता. तू रिपोर्टचा प्रिंट माझ्यासमोर ठेवलास आणि हसत म्हणालीस, “दादा, तू सात खाती निस्तरलीस, माझं एक निस्तर. मी जन्मात कर्ज घेतलं नाही आणि माझ्या नावावर कुठलं तरी चार लाख ऐंशी हजारांचं बुडीत कर्ज दिसतंय. काहीतरी घोळ आहे त्यांचा.”

मी कंपनीचं नाव वाचलं. तारीख वाचली. अपू, दोन्ही मला पाठ होतं. तू शुभाशी बोलत होतीस म्हणून तुला माझा चेहरा दिसला नाही. मी म्हणालो, “सिस्टिमची चूक असेल, बघतो मी.”

आणि बघण्याचं नाटक केलं. तुझ्यासमोर बसून तुझ्याच नावाने तक्रार टाकली. काय उत्तर येणार हे मला माहीत होतं. महिन्याभराने तेच आलं, कर्ज देणाऱ्याने नोंद बरोबर असल्याचं कळवलंय, कागदांवर कर्जदाराची सही आहे. विकणाऱ्याच्या हातापाया पडून तू आणखी एक महिन्याची मुदत मागून घेतलीस. त्या संध्याकाळी तू फोनवर रडलीस. मग म्हणालीस, “मुकुलच असणार. माझे सगळे कागद होतेच त्याच्याकडे. त्या साली त्याची नोकरीही गेली होती.”

मी काय म्हणालो आठवतंय? मी म्हणालो, “असेलही.”

मी केलेल्या सगळ्यात वाईट गोष्टीबद्दल देवाने विचारलं तर मी कर्जाबद्दल सांगणार नाही, हा एक शब्द सांगेन. तू मुकुलच्या घाटकोपरच्या घरी गेलीस, त्याच्या आईसमोर त्याला चोर म्हणालीस. तो दारात उभा राहून एवढंच म्हणत राहिला, “अपूर्वा, मी नाही गं केलं.” हे तूच मला सांगितलंस, आणि वर म्हणालीस की चोर असाच बोलतो. गंधालीने वडिलांचा नंबर ब्लॉक केला. दर शनिवारी त्याच्याकडे जायची ती पोर, आता जात नाही. आणि सोमवारी तू त्याच्या नावाने पोलिसांत तक्रार देणार आहेस.

मुकुलने काही केलेलं नाही. ते कर्ज मी घेतलं.

अण्णांचं डायलिसिस सुरू होतं तेव्हा खर्चासाठी आपण दोघांनी जॉइंट खातं उघडलं होतं. अण्णा गेल्यावर तू ते विसरून गेलीस. मी ते बंद केलं नाही. तुझ्या पॅन आणि आधारच्या झेरॉक्स आणि दोन फोटो त्या खात्याच्या पाकिटात होते. त्या सप्टेंबरमध्ये मला कुणीच दारात उभं करत नव्हतं. विकी नावाचा एक एजंट गाळ्यावर यायचा. तो म्हणाला, “तुमच्या नावावर आता काही नाही मिळणार शेठ. बहिणीचा रेकॉर्ड एकदम कोरा आहे. ताईंची सही घेऊन या.” मी म्हणालो, ती देणार नाही. तो हसला, “मग तुम्हीच मारा ना. हप्ते भरले तर कोण बघतंय?” कटिंगच्या ब्राऊन पेपरवर मी तुझी सही गिरवत बसलो, अण्णांच्या हॉस्पिटलच्या फॉर्मवरची तुझी सही समोर ठेवून. पैसे जॉइंट खात्यात आले. फॉर्मवर पत्ता बोरिवलीचा, मोबाइल नंबर माझ्या दुसऱ्या सिमचा. शिलाईवाल्यांची दिवाळी केली हे खरं, पण अर्धे पैसे माझ्याच कार्डांच्या व्याजात गेले हेही तितकंच खरं. चौदा हप्ते भरले. मग जमेना. तुझ्या नावाने आलेल्या नोटिसा मी जिन्यातच फाडायचो. ते सिम मी गोराईच्या जेट्टीवरून खाडीत टाकलं आणि स्वतःला सांगितलं की विषय संपला. कोर्टात शपथेवर सांगितलं की सगळं मांडलंय, काही लपवलं नाही. आठवं खातं माझ्या नावावर नव्हतंच ना!

गेला महिना मी पळवाटा शोधतोय. वाकोल्याच्या मालकाकडे उचल मागितली, वीस हजारांच्या वर द्यायला तो तयार नाही. कंपनीत जाऊन, तुझा भाऊ म्हणून, विचारलं की रक्कम भरली तर? तिथला माणूस चांगला होता. म्हणाला, “भरा, पण एकदा बुडीत गेलेलं खातं वर्षानुवर्षं दिसत राहतं. एवढ्यात घराचं कर्ज त्यांना कुणी देणार नाही. सही त्यांची नाही हे सिद्ध झालं तरच नोंद निघेल.” बाहेर येऊन मी फुटपाथवर किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. त्या रात्रीपासून मनात काय काय येऊन गेलं ते तुला लिहीत नाही. शुभाला कळलं असावं, कारण ती मला एकट्याला गच्चीवर जाऊ देईना.

मंगळवारी तिला सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. तिने गॅस बंद केला, हात धुतले आणि भिंतीला टेकून खाली बसली. मला वाटलं ओरडेल, निघून जाईल. ती म्हणाली, “अपूर्वाने माझ्या बाळंतपणात पंधरा दिवस रजा काढली होती.” एवढंच. मग उठून पुन्हा गॅस पेटवला आणि म्हणाली, “आधी तिला सांगा. आपलं काय व्हायचं ते होऊ दे.” तेव्हापासून ती माझ्याशी बोलली नाहीये. डबा मात्र देते.

काल श्वेता मॅडमना, माझ्या वकील बाईंना, भेटून आलो. मी कबूल केलं तर खोट्या सहीचा गुन्हा लागेल. कोर्टाशी खोटं बोलल्यामुळे मिळालेली मुक्ती काढून घेतली जाऊ शकते, मग सातही खाती पुन्हा उभी राहतील. त्या म्हणाल्या, “घाडीगावकर, घाई करू नका. बहिणीशी घरातल्या घरात मिटवता येतं का बघा.” म्हणजे तुला गप्प बसायला सांगायचं. तू बसशीलही, मला माहीत आहे. म्हणूनच मी तुला भेटायला न येता हे लिहितोय. समोर आलो असतो तर तू माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली असतीस, जाऊ दे दादा, घराचं बघू पुढे. तसं म्हणू नकोस. मला माफ कर असंही मी म्हणत नाही, तो हिशेब तू तुझ्या वेळेने कर. पण मुकुलला आजच फोन कर. गंधालीला तुझ्या शेजारी बसवून कर.

हे पत्र मी शुभाच्या हाती पाठवतोय. हे वाचून ठेवून द्यायचं पत्र नाही, अपू. सोमवारी पोलीस स्टेशनला हेच घेऊन जा. कंपनीला आणि बँकेला याची प्रत दे. प्रत्येक पानावर मी तारीख टाकून सही केली आहे, आणि सोमवारी सकाळी दहा वाजता मी स्वतः मुलुंड पोलीस स्टेशनबाहेर उभा असेन. तुला माझ्याशी बोलायची गरज नाही. कंपनीकडच्या फॉर्मवरचं अक्षर माझं आहे हे पोलिसांना पटावं म्हणून हे सगळं हाताने लिहिलं, आणि माझ्या सहीखाली तुझ्या नावाची सही तीनदा केली आहे, तेव्हा केली होती अगदी तशीच. त्यांना ताडून बघायला सोपं जाईल.

तुझाच, तुला चालणार असेल तर,
दादा

सहदेव गुणाजी घाडीगावकर

अपूर्वा घाडीगावकर
अपूर्वा घाडीगावकर
अपूर्वा घाडीगावकर