पेन्सिलची खूण

प्रिय बारक्या,

चार वर्षांनी माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, मी ठणठणीत आहे. मध्यंतरी मात्र मी गेलोच होतो, निदान माझ्यापुरता तरी.

गेल्या महिन्यात दुपारी नेहमीसारखं दहा मिनिटांत ताट साफ केलं आणि लगेच बाइंडिंगचे कागद कापायला टेबलावर वाकलो. छातीत अशी कळ आली, की कुणी पुस्तकांऐवजी मलाच शिकंज्यात घालून पिळतंय. जबडा दुखायला लागला, दरदरून घाम फुटला. तुझ्या वहिनीने क्षणाचाही उशीर न करता गाडी बोलावली. वाटेत मी म्हणे तिला पुठ्ठ्यांना लावायची खळ झाकून ठेवायला सांगत होतो. आणखीही एक गोष्ट सांगू बघत होतो, पण तिने गप्प पडून राहायला लावलं.

हॉस्पिटलात दोनदा ईसीजी काढला, रक्त तपासलं. हृदय उत्तम. पुढे दुर्बिणीने बघितलं तेव्हा कळलं, पोटातलं आम्ल वर चढतं आणि अन्ननलिकेला पेटके येतात. डॉक्टरीणबाई वयाने तुझ्याहून लहान, पण शाळकरी पोराला झापावं तसं झापलं मला. सावकाश जेवायचं, जेवल्यावर वाकायचं नाही, चहा कमी. आलात हे मात्र बरं केलंत म्हणाल्या, पुन्हा दुखलं तर घरबसल्या ॲसिडिटी ठरवू नका, सरळ इथे या. त्यांचे आणि तुझ्या वहिनीचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. हल्ली जेवून तासभर दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसतो. समोर तुझं रिकामं स्टूल दिसत राहतं.

आपल्या दुकानाची रीत तुला सांगायला नको. छापून आलेल्या फर्म्यांच्या थप्प्या जो पानांच्या क्रमाने मांडेल त्याने शेवटच्या थप्पीवर पेन्सिलने आपली खूण करायची. त्या शब्दकोशाच्या पाचशे प्रतींत पानं मागेपुढे झाली, तेव्हा थप्पीवर खूण सापडली नाही आणि मी दुकानाच्या मालकांसमोर, मास्तरांसमोर, बोट तुझ्याकडे दाखवलं. तू स्टूल मागे सारून निघून गेलास. बारक्या, थप्प्या मी मांडल्या होत्या. खूण माझी होती, आणि तू शिलाईला बसलेला असताना मीच ती खोडरबरने पुसली. गाडीत हेच सांगायचं होतं. रिपोर्ट चांगले आले तेव्हा देवाचे आभार मानले आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, सुटलो, आता सांगायची गरज नाही. त्या वाटण्याची लाज महिनाभर पुरली. मास्तरांच्या घरी जाऊन काल सगळं कबूल केलं. राहिलास तू. आयुष्य परत मिळालंय, ते खोटेपणात घालवायचं नाही. तू येशील की नाही, ते तुझ्यावर. मी मात्र या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने माझी खूण केली आहे, बघ.

तुझाच,
दादा