बारवाल्याच्या छातीतली गाठ

४ फेब्रुवारी
आंघोळ करताना साबण अडला. डाव्या बाजूला, बोंडाच्या मागे, वाटाण्याएवढी गाठ. दुखत नाही. बारमध्ये बाटल्यांचे क्रेट उचलताना मार बसला असेल. बायकोला बोललो नाही — उगाच कशाला.

१९ फेब्रुवारी
कळलंच तिला! शर्टाचं बटण लावून देत होती, हात थबकला.
"हे काय?"
"चरबी."
"चरबी अशी टणक असते? उद्याच्या उद्या दाखवायचं. नाहीतर बारमध्ये येऊन सगळ्यांसमोर ओरडेन."
येईल ती. ओळखून आहे मी.

२० फेब्रुवारी
दवाखान्यात बायकाच बायका. काउंटरवरची मुलगी बायकोला म्हणाली, "या, तुमचा नंबर." बायको म्हणाली, "माझा नाही, ह्यांचा." सगळ्या माना वळल्या! मी हाताला लागलं ते मासिक तोंडासमोर धरलं. नवरीच्या केशरचना निघाल्या. त्याच वाचत बसलो.

डॉक्टर बाई तरुण, पण हात पक्का. सुईने तुकडा काढला. घरात कुणाला छातीचा कॅन्सर होता का? आईला. मावशीलाही. "आणि दारू?"
म्हटलं, "विकतो जास्त, पितो कमी."
"कमी म्हणजे?"
बार बंद झाला की रोजचे दोन पेग. बायको छताकडे बघत राहिली.

२८ फेब्रुवारी
आहे. कॅन्सरच आहे.

१ मार्च
काल पुढे लिहवेना.

पुरुषालाही होतो म्हणे. क्वचित, पण होतो. गाठ लहान आहे, काखेत पसरलेलं दिसत नाही. "वेळेत आलात," डॉक्टर म्हणाल्या. मी बायकोकडे बोट दाखवलं. जनुकांच्या तपासणीसाठी रक्तही घेतलं. आई, मावशी आणि आता मी — हे घराण्यातून आलेलं असू शकतं म्हणाल्या.

संध्याकाळी ताईचा फोन. शाळेची मुख्याध्यापिका होती, निवृत्त झाली, पण आवाज अजून प्रार्थनेच्या रांगेसमोरचा. मी बारमध्ये लागलो तेव्हापासून आमचं बोलणं नावापुरतंच. म्हणाली, "दारूनं केलं हे. मी तेव्हाच सांगितलं होतं."
'आई कुठे पीत होती, ताई?' — हे फोन ठेवल्यावर सुचलं. नेहमीसारखं.

१७ मार्च
ऑपरेशन झालं. डावी बाजू सपाट. भूक मात्र सणकून लागली!

५ एप्रिल
काखेतून तपासायला काढलेल्या गाठींत कॅन्सर निघाला नाही. केमो नको, गोळ्या पुरतील. बायको दवाखान्याच्या जिन्यातच बसली आणि रडली. मी तिच्याशेजारी बसून रुमाल शोधत राहिलो, सापडला नाही.

दुसरा निकालही आला. जनुकात दोष आहे. आईकडूनच आला असणार.

सरळच विचारलं, "दारूनं झालं की रक्तानं?"
डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्यात मोठं कारण हा दोष. पुरुषांच्या बाबतीत दारूचं अजून ठामपणे सांगता येत नाही. बायकांच्या बाबतीत येतं. थोड्या दारूनंही धोका वाढतो, जितकी जास्त तितका जास्त. पण ज्या बाईत हा दोष आहे, तिनं जन्मात थेंब घेतला नाही तरी धोका असतोच, आणि खूप असतो. मुलीला सांगा. बहिणीला सांगा. दोघींमध्येही असू शकतो."
ताईला सांगायचं! त्यापेक्षा उजवी बाजूही काढा म्हणावं.

८ एप्रिल
सांगितलं. "मी कधी थेंब घेतला नाही. माझी कसली तपासणी? तुझं खापर माझ्यावर फोडू नकोस." ठेवला फोन.
मला राग आला नाही. — आला. खूप आला.
बायको म्हणाली, "फोनवर नाही ऐकायच्या त्या. घरी जाऊ."

१३ एप्रिल
ताईनं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. काय बोलायचं ते घोकून गेलो होतो, सगळं विसरलो. शर्टाची बटणं सोडली. बायको कुजबुजली, "अहो, जिन्यात काय!" ताई बघत राहिली. आडवा व्रण, अजून लालसर. चष्मा काढला, पुसला, परत बघितलं.
"आईचा अस्साच होता," म्हणाली. "मी पट्टी बदलायचे. तू लहान होतास, तुला खोलीत येऊ द्यायचो नाही आम्ही."
मला हे माहीतच नव्हतं.
मग बाजूला सरली. "आत या. दोघंही. चहा टाकते." आणि चहा ओतता ओतता, माझ्याकडे न बघता, "कधी जायचं तपासायला?"

२ मे
पोरीचा निकाल आला — तिच्यात दोष नाही! "बाबा, मग आज वाइन!" दवाखान्यातच ओरडली.
डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "घराण्याचा धोका टळला. बाकी बायकांना असतो तेवढा आहेच, आणि प्रत्येक ग्लास त्यात भर घालतो."
पोरगी नीट बसली. बाहेर आल्यावर आम्ही आइस्क्रीम खाल्लं, दोन-दोन.

९ मे
कामावर परत. माझे पेग बंद आहेत, काउंटर चालू आहे. नेहमीच्या एका बाईंनी चौथा ग्लास मागितला. राहवलं नाही, डॉक्टर म्हणाल्या ते सगळं सांगून टाकलं. बाईंनी रिकामा ग्लास पुढे सारला. मग म्हणाल्या, "बिल द्या." मॅनेजरनं डोळे वटारले. अशानं बार बुडेल आमचा!

१६ मे
ताईमध्ये आहे. दोष आहे. फोनवर म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा नापास झाले." हसायचा प्रयत्न करत होती. स्कॅन करायचाय. मी येतो म्हटलं. नको म्हणाली नाही.

२९ मे
ताईच्या स्कॅनमध्ये डाग दिसला, सुईच्या तपासणीत कॅन्सर निघाला. हाताला कधी लागलाच नसता इतका बारीक. "अगदी सुरुवात आहे, काढून टाकू," डॉक्टर म्हणाल्या. ताईनं माझा हात धरला. म्हणाली, "तुला झालं म्हणून मी वाचले रे."