साडेसातच्या आत

बुधवार, ता. ९

तीर्थरूप वन्संना,

साष्टांग नमस्कार. साष्टांग अशासाठी, की हे पत्र मी आडवी पडूनच लिहिते आहे.

इकडे सगळं ठीक. तिकडेही उत्तमच असणार. तुमच्या घरात दुसरं काही असायची कोणाची छाती आहे?

तुमचं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा चहाच्या आधी, आणि मग माझ्या हातून अन्याय होऊ नये म्हणून चहानंतर. चहाने काही फरक पडला नाही. सुट्टीपुरती म्हणून नेलेली माझी अकरा वर्षांची मुलगी आता तुमच्याच गावच्या शाळेत घालावी, असं तुमचं म्हणणं. का, तर ‘वाढत्या वयात मुलीची सकाळ शांत असावी. तुझ्याकडे दिवसाची सुरुवात आरडाओरड्याने होते. तुझा दोष नाही, तुझ्याच्याने उठवत नाही.’ वन्सं, ‘तुझा दोष नाही’ इतकं झोंबणारं वाक्य मी तरी अजून ऐकलेलं नाही.

माझ्याच्याने उठवत नाही, हे खरं आहे. मी ते कधी लपवलेलंही नाही. लग्न ठरलं तेव्हा तुमच्या आईंना मी स्वतः सांगितलं होतं, आणि त्या म्हणाल्या होत्या, ‘मुलं झाली की येते जाग.’ दोन मुलं झाली. जाग त्यांना आली, मला नाही.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते, कारण तुम्ही ते दरवेळी सोयीस्कर विसरता. दातांच्या दवाखान्यांतून साचे येतात, मी त्यांवर मेणात एकेक दात बसवते आणि कवळी तयार करते. दुपारी बारा ते रात्री आठ. घरी आल्यावर जेवण, धाकट्याची आंघोळ, मोठीचा अभ्यास. सगळं उरकून माझं डोकं उघडतं तेव्हा तुम्ही अर्धी झोप काढून कूस बदललेली असते. गावातले निम्मे म्हातारे माझ्या हातचे दात घालून हसतात, जेवतात, सुनांना बोलतात. त्यांतल्या एकानेही अजून विचारलेलं नाही की हे दात करणारी बाई किती वाजता उठते.

पण तुम्ही पडलात इस्पितळातल्या मुख्य परिचारिका. तीस वर्षं पहाटे पाचला आजारी माणसांना उठवून त्यांच्या तोंडात तापमापक खुपसलेत. आता निवृत्त झालात, आजारी हाताशी राहिले नाहीत, मग उरले आम्ही. गेल्या महिन्यात पंधरा दिवस राहिलात तेव्हा मी एका शब्दाने काही बोलले का? पाचला उठले. गरम पाणी प्यायले. खिडकीशी तुम्ही मांडलेल्या खुर्चीत डोळे मिटून ‘स्वतःसोबत’ बसले. मी आणि मी, दोघींना लगेच झोप लागली, हा काय आमचा गुन्हा? तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये एका गृहस्थांच्या कवळीत मी खालचे दात वर बसवले. मालक म्हणाले, ‘बाई, ह्यांना हसायचंय, चावायचं नाही घोड्यासारखं.’ तुमच्या शांत सकाळची ती किंमत.

तुमच्या बंधूंना फोन केला. ते जहाजावर, त्यांची सकाळ कुठल्या समुद्रात होते कोण जाणे. ते म्हणाले, ‘दोघींचंही बरोबर आहे.’ ह्या माणसाला वादळात जहाज कसं चालवू देतात? लाटेचंही बरोबर आहे, खडकाचंही बरोबर आहे.

आता त्या आरडाओरड्याबद्दल. आमच्याकडे सकाळी ओरडा होतो, हे मी नाकारत नाही. धाकटा सहा वर्षांचा आहे आणि उठवताना ओल्या पोत्यासारखा जड होतो. बूट एकच सापडतो. शाळेची गाडी कोपऱ्यावर येऊन भोंगा वाजवते. पण ओरडा होतो म्हणजे मीच ओरडते, असं तुम्ही धरून चाललात. मी तर त्या वेळी शुद्धीवरही नसते. असो.

आणि मोठीला घरात काही जाच आहे असंही मनात आणू नका. तिला सगळं करायची हौसच आहे. पाण्याच्या बाटल्या भरते, ब्रेडला लोणी लावते, माझा चहासुद्धा छान करते. शेजारणी म्हणतात, मुलगी असावी तर अशी.

फोनवर ती मला काय म्हणाली, ते तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. मीही लिहीत नाही.

तेव्हा सुट्टी संपायच्या आदल्या शनिवारी तिला दुपारच्या गाडीत बसवून द्या. दुपारच्या. मी स्टेशनवर येईन, पूर्ण जागी.

कळावे, लोभ आहे तेवढा पुरे.

तुमची भावजय

सोमवार, ता. २१

वन्सं,

नमस्कार. हे पत्र बसून लिहिते आहे, ह्याची नोंद घ्यावी.

तुमचं उत्तर आलं. पहिली अडीच पानं माझ्या आळसावर होती, ती मी अपेक्षेप्रमाणे वाचली. मग शेवटी, शाई संपायच्या आत उरकून टाकावं तसं, तुम्ही लिहिलंय: ‘मोठीची काळजी नको. आठपर्यंत गाढ झोपते. मी उठवत नाही. पहिला आठवडा सहाला दचकून उठायची आणि विचारायची, धाकट्याचा डबा झाला का. आता विचारत नाही.’

आठपर्यंत.

म्हणजे माझ्यासारख्या बेचाळीस वर्षांच्या, कमावत्या, चष्मा लागलेल्या बाईला तुम्ही पंधरा दिवस पाचला ओढून उठवलंत, आरोग्य, संस्कार, सूर्य, सगळे माझ्या अंगावर घातलेत. आणि तुमच्या स्वतःच्या घरात, तुमच्या नाकाखाली, ही पोर आठपर्यंत लोळते आणि तुम्ही स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज होऊ देत नाही? तुमच्या तत्त्वांनाही सुट्टी लागली वाटतं. रागाने माझ्या हातून पत्र चुरगळलं. मग सरळ करून पुन्हा वाचलं, आणि ह्या वेळी ते सहाचं वाक्य दिसलं.

इकडचं सांगते. धाकट्याची शाळा मोठीच्या दोन आठवडे आधी सुरू झाली. पहिल्या दिवशी मला जाग आली ती गाडीच्या भोंग्याने. डोळे उघडले तर हा पलंगाशी उभा. एका पायात मोजा, अंगात रात्रीचा सदरा.

मी म्हटलं, “अरे, मला उठवायचं नाही का?”

तो म्हणाला, “साडेसातच्या आत आईला उठवायचं नाही.”

“कोणी सांगितलं?”

“ताईने. तू चिडतेस.”

“आता तर सव्वाआठ झालेत.”

“मला घड्याळ कळत नाही,” तो म्हणाला. “ताईला कळतं.”

गाडी गेली. त्याला रिक्षाने सोडलं. रिक्षात मी विचारलं, ताई सकाळी काय काय करते रे? तो बोटं मोजत सांगायला लागला, जणू पाढे म्हणतोय. “आधी ती उठते. मग मला उठवते. मी उठत नाही. मग डबा भरते. मग पुन्हा उठवते. मग ओरडते. मग मी उठतो. मग तुला चहा.”

“माझ्यावर ओरडते का?”

“तुझ्यावर कशाला ओरडेल? तुला चहा देते.”

रिक्षावाला आरशातून बघत होता. त्याला काय करायचंय म्हणा.

तर वन्सं, तुमच्या पहिल्या पत्रातला ‘आरडाओरडा’ म्हणजे काय, ते मला आता कळलं. तुम्हाला तेव्हाच कळलेलं होतं. पंधरा दिवस तुम्ही पाचपासून टक्क जाग्या होतात. सहाला ती उठून आलेली तुम्ही रोज पाहिलीत. अकरा वर्षांची पोर, केस विस्कटलेले, उभ्याने पेंगत ब्रेडला लोणी लावते आणि भावाला आईसारखी रागावते; माझ्यासारखी नव्हे, दुसऱ्या कोणाच्या तरी आईसारखी. जन्मभर दारातून पाऊल टाकायच्या आत रोग्याला काय झालंय ते ओळखलंत, आणि इथे मला काय दिलंत, तर गरम पाणी. समोर उभं करून सरळ सांगायचं होतं: बाई, तुझ्या झोपेची किंमत ही पोर मोजते आहे. ते न सांगता तुम्ही मुलगीच उचलून नेलीत. मी ऐकलं नसतं, उलट बोलले असते, चार दिवस तुमच्याशी अबोला धरला असता. सगळं कबूल. तरी सांगायला हवं होतं. ह्याबद्दल मी तुमच्यावर आजही रागावलेली आहे आणि हा राग इतक्यात उतरायचा नाही.

आणि तिला हौस आहे, असं मी तुम्हाला लिहिलं होतं. हौस असलेलं माणूस परक्या घरी दचकून उठत नाही. तीही माझ्यासारखीच उशिरा उठणारी आहे, वन्सं. माझीच आहे. हे मला तिच्या आत्याच्या पत्रातून कळावं?

त्या दिवसापासून मी पाचला उठायला लागले, असं वाटून तुम्ही खूश होत असाल, तर थांबा. एक दिवस उठले होते. सहाला धाकट्याच्या दुधात मीठ घातलं. तो नाद सोडला. आता जे करायचं ते रात्री, माझं डोकं जागं असतं तेव्हा. डबा भरून फ्रिजमध्ये. बाटल्या भरलेल्या. बूट जोडीने दाराबाहेर. आणि धाकटा शाळेच्या कपड्यांत झोपतो. हो, उद्याच्या धुतलेल्या कपड्यांत, गुंड्या लावून. बाईंनी विचारलं, ‘हा असा चुरगळलेला का?’ मी म्हटलं, ‘आमच्याकडे इस्त्रीपेक्षा झोपेला मान आहे.’ साडेसातला मी उठते, त्याला उचलून खुर्चीत ठेवते, तो डोळे मिटून खातो. दारापर्यंत कोणी कोणाशी बोलायचं नाही, हा नियम. त्याला वाटतं खेळ आहे. मला वाटतं मोक्ष आहे. इतकी शांतता असते, की परवा शेजारीण येऊन विचारून गेली, घरात सगळे बरे आहात ना. हे मी तुम्हाला शाबासकीसाठी लिहीत नाही. ह्या घरात आता साडेसातच्या आत कोणी उठायचं नाही, मोठीने तर मुळीच नाही, एवढं तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते.

आता फोनचं. ती म्हणाली होती, ‘आई, मी इथेच राहू का?’ राहते म्हणाली नाही, राहू का म्हणाली. परवानगी मागितली. आणि मी म्हटलं, ‘बघू.’ त्या ‘बघू’वर हे दिवस काढलेत पोरीने.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते, धाकट्याला घेऊन. गाडी पहाटे पाचच्या सुमाराला पोचते. दुसरी जागा मिळाली नाही. तुम्ही काही त्यातून अर्थ काढू नका. दार उघडायला तुम्ही जाग्या असालच. मोठीला मात्र उठवायचं नाही, मी आले म्हणूनसुद्धा नाही. ती आपली आपण उठेपर्यंत मी बाहेरच्या खोलीत बसेन.

उठली की तिला उत्तर देईन. उत्तर ‘नाही’ असंच आहे, पण कारण आता वेगळं आहे, आणि ते टपालाने पाठवण्यासारखं नाही. ते ऐकूनही ती राहीन म्हणाली, तर मी धाकट्याला घेऊन परत जाईन आणि पुढच्या शनिवारी येऊन पुन्हा विचारीन. त्याच्या पुढच्याही.

मी तिच्याशी बोलत असताना तुम्ही उठून आत जाऊ नका. मी काय कबूल केलं, ते ऐकायला घरातलं मोठं माणूस समोर असलेलं बरं.

रागावलेलीच, पण तुमच्या दारात येणारी,

मोठीची आई