दोन्ही पानांवर माझी सही

प्रिय पलीकडच्या इंजिनिअर,

तुझं पत्र मिळालं. एकवीस वर्षांनी लिहिलंस, आणि तेही सल्ला द्यायला! जित्याची खोड, दुसरं काय.

इकडे लवादापुढे दोन्ही देशांचं भांडण जोरात आहे. आमचे वकीलसाहेब मला रोज पोपटासारखं पढवतात: सरहद्दीखाली तेलाचे दोन वेगळे साठे आहेत, आमच्या विहिरीचा तुमच्या विहिरीशी काडीचाही संबंध नाही. मी म्हटलं, साहेब, तुमची रेघ नकाशावर आहे, खालच्या खडकाला कुणी सांगितलेलं नाही. ते हसले नाहीत.

आठवतं ना, कुणालाही न विचारता आपण केलेला उद्योग? झडप बिघडल्याची थाप मारून मी माझी तेलविहीर तीन दिवस बंद ठेवली, आणि तुझ्या विहिरीतला दाब चढायला लागला. फोनवर आकडे सांगताना तू नुसता ओरडत होतास. पुढच्या आठवड्यात तू तुझी बंद केलीस, माझा दाब चढला. साठा एकच, हे आपल्याला तेव्हाच कळलं. चौकीजवळच्या खानावळीत आपण दोन पानं लिहिली, एकेका विहिरीचं एकेक, आणि दोन्हींवर दोघांनी सह्या केल्या; पहिलं तू ठेवलंस, दुसरं मी. त्याच टेबलावर तू लग्नाचं विचारलंस. मी हो म्हटलं होतं, निघून तू गेलास. त्याचा राग अजून आहे, कशाला लपवू?

आता तुमच्या वकिलांनी फक्त पहिलं पान पुढे केलंय, आम्ही तुमचं तेल ओढतो म्हणून. आमचे म्हणतात, सही माझी नाही असं सांग, नाहीतर नोकरी आणि पेन्शन दोन्हींवर पाणी सोड. आई घाबरलीय, भाऊ बोलत नाही, शेजारीण मला घरभेदी म्हणते. म्हणू दे. सही माझीच आहे.

आणि तू लिहितोस, माझी नोकरी वाचावी म्हणून ते पान मागे घ्यायला लावशील, मी फक्त जुने कागद जाळून टाकावेत. किती ती काळजी! दुसरं पान माझ्याकडे आहे, हेच तुला सलतंय ना? तुमची विहीरही आमच्या बाजूचं तेल ओढते, हे त्यात तुझ्याच अक्षरात आहे. म्हणून हे उत्तर: मी काहीही जाळलेलं नाही. सोमवारी हे पान पहिल्या पानाशेजारी लवादापुढे ठेवणार आणि सांगणार, साठा एक आहे, तर दोघांनी मिळून काढा आणि वाटून घ्या. साक्षीला तूही येशीलच. सही नाकारायची असेल, तर माझ्याकडे बघून नाकार.

तुझीच,
हेकट